वाचकांचे प्रश्न : पुण्याला जाऊ की शिरपूरलाच गाऊ?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की खान्देशात स्वतःची गाणी स्वतः करणारे जे कुणी असतील त्यांनी आपल्या अडचणी कळवा, आणि शहादा, साक्री, चोपडा, पाचोरा, कुठून कुठून पत्रं आली, व्हॉइस नोट तर इतक्या की दोन रात्री त्याच ऐकत बसलो होतो. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. पाच प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण तोच प्रश्न निम्म्या लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय.

प्रश्न : दादा, मी शिरपूर तालुक्यातला, वय 23, सूतगिरणीत कामाला आहे. अहिराणीत गाणी लिहितो आणि गिटारवर गातो. वर्षभरात यूट्यूबवर चार गाणी टाकली, एकाला सहा हजार व्ह्यूज आले, बाकीची हजाराच्या आतच. मित्र म्हणतात हळदीचं डीजे गाणं कर, महिन्यात लाखात जाशील. पण माझी गाणी शांत आहेत, आजी, विहीर, कापूस वेचणी अशी. घरचे म्हणतात बंद कर हे. मला वाटतं पुण्याला निघून जावं, तिकडे सीन आहे, इथे कोण ऐकतं? काय करू?

उत्तर : भाऊ, चारही गाणी ऐकली, विहिरीचं तीनदा ऐकलं. ते गाणं चांगलं आहे, आधी हे सांगतो म्हणजे पुढचं तुला नीट ऐकू येईल.

डीजे गाण्यांना नावं ठेवणारं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही. मी वीस-बावीस वर्षांपूर्वी धुळ्यात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो तेव्हा कॉलेजची पोरं कँटीनमध्ये अहिराणी बोलायला लाजायची, घरून फोन आला की बाहेर जाऊन बोलायची, आणि आज त्याच भाषेवर अख्खं लग्न नाचतं, हे त्या गाण्यांनी केलंय. मुंबईतल्या कुणाची वाट न बघता धुळे-जळगावात पोरांनी स्टुडिओ टाकले, कॅमेरे घेतले, एडिटिंग शिकले, गाव-शेत-ट्रॅक्टर जे हाताशी होतं तिथे शूटिंग केलं. त्यांच्याकडून हे शिकण्यासारखंच आहे, जाऊन बस त्यांच्याजवळ. पण तुझं विहिरीचं गाणं हळदीत वाजणार नाही आणि वाजायलाही नको, कारण हळदीत माणूस नाचायला आलेला असतो, त्याला आजी आठवायची नसते. तुझ्या गाण्याला बसलेला माणूस लागतो. बसलेला माणूस कुठे सापडेल, एवढंच आपल्याला शोधायचंय.

आता ते सहा हजार. यूट्यूब स्टुडिओ (चॅनलचे आकडे दाखवणारं यूट्यूबचं ॲप) उघड आणि ऐकणारे कोणत्या शहरात आहेत ते बघ. माझा अंदाज आहे की त्यात सुरत वरच्या नंबरात असेल. कारण सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली भागात आपली माणसं इतकी आहेत की तिथल्या गल्लीत अहिराणीच कानावर पडते, भुसावळहून जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत जी तापी व्हॅलीची लाईन सुरतेला जाते तिने आपली निम्मी गावं तिकडे नेली. नाशिकला अंबड-सातपूरला आहेत, चाकणला आहेत, कल्याणला आहेत. दिवसभर मशीनवर उभं राहून रात्री खोलीवर येणाऱ्या या माणसाला तुझी विहीर, तुझी आजी हवी आहे. पुण्याच्या कॅफेत तुला टाळ्या मिळतील, ते लोक वाईट नाहीत, पण "कापूस येचता येचता" म्हटल्यावर ज्याची बोटं दुखायला लागतात असा माणूस तिथे कमी भेटेल. तेव्हा गाणं कोणत्याही महिन्यात टाकू नको. आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला हे सगळे गावी येतात. त्याच्या दहा दिवस आधी टाक, म्हणजे ते गाणं घेऊनच गाडीत बसतील.

पैशाचं सरळ सांगतो. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला 1000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4000 तास बघणं लागतं (शॉर्ट्सचा हिशोब वेगळा आहे, 90 दिवसांत एक कोटी व्ह्यूज). 4000 तास म्हणजे 2 लाख 40 हजार मिनिटं, तुझं गाणं तीन मिनिटांचं, म्हणजे 80 हजार वेळा कुणीतरी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला हवं. आणि लोक शेवटपर्यंत ऐकत नाहीत, हे तुला त्याच स्टुडिओतल्या आलेखात दिसेल. स्पॉटिफायचं 2024 पासून असं आहे की एका गाण्याला 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाले तरच त्याचे पैसे मोजले जातात. म्हणून या जागांना दुकानाची पाटी समज. पाटी हवीच, चांगली रंगवलेली हवी, पण पाटीवर घर चालत नाही.

घर कशावर चालेल, निदान तारा, माईक आणि पेट्रोल कशावर निघेल, तर दोनशे माणसांवर. मी हा आकडा हवेतला सांगत नाहीये, दोनशे माणसं वर्षातून एकदा शंभर रुपये देतात धर, वीस हजार होतात, आणि तेवढ्यात दोन गाणी नीट रेकॉर्ड होतात. ही दोनशे माणसं तुझ्या वहीत पाहिजेत, वहीत म्हणजे खरोखर वहीत, नाव, गाव, मोबाईल, कुठे भेटला, कोणतं गाणं आवडलं. यूट्यूबचे सबस्क्रायबर तुझे नसतात, उद्या चॅनल बंद पडलं की गेले. वहीतली माणसं राहतात. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये 256 जण बसतात, पण त्यांनी तुझा नंबर सेव्ह केलेला असेल तरच मेसेज पोचतो, म्हणून कार्यक्रम झाला की लाजू नको, समोर उभा राहून सांग की माझा नंबर आत्ताच सेव्ह करा. आणि रोज गुड मॉर्निंग पाठवू नको रे बाबा, महिन्यात एक मेसेज, तोही काही असेल तर.

ती माणसं भेटणार कुठे? आपल्याकडे याची सोय आधीपासून आहे, फक्त आपण तिला संगीताची जागा म्हणून बघितलं नाही. हिवाळा लागला की भरीत पार्ट्या सुरू होतात. मळ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यावर भाजलेली ती हिरवी मोठी वांगी, कळण्याची भाकरी, आणि तीस-चाळीस माणसं दोन-तीन तास एका जागी बसलेली. वांगी भाजून ठेचून होईपर्यंत काय करतात लोक? मोबाईल बघतात. 2011 च्या हिवाळ्यात आम्ही पाच जणांनी अमळनेर रस्त्याला एका मित्राच्या मळ्यात पहिल्यांदा हे केलं, एक बॅटरीवरचा छोटा स्पीकर, हार्मोनियम, ढोलकी, माझा कीबोर्ड तर मी नेलाच नाही, आणि वांगी जाळावर टाकल्यापासून पंगत बसेपर्यंत फक्त आपली स्वतःची गाणी. चाळीस माणसं होती. तिसऱ्या गाण्याला एक म्हातारेबाबा उठून पुढे येऊन बसले आणि म्हणाले, परत म्हण. त्या दोन शब्दांसाठी मी अजून कार्यक्रम करतो. जेवण झाल्यावर घमेलं फिरवलं, तीन हजारांच्या वर जमले, त्यात ढोलकीवाल्याला आधी दिले. हे पैसे मागायला तुला लाज वाटेल, पहिल्यांदा सगळ्यांना वाटते, पण आपल्याच तमाशात दौलतजादा होती ना, आवडलेल्या गाण्याला लोक उभं राहून पैसे द्यायचे आणि नाव पुकारलं जायचं. आता क्यूआर कोड छापून हार्मोनियमच्या पेटीला चिकटव, नाव मात्र मोठ्याने घे, ते विसरू नको.

पुण्याला जा, पण राहायला नको. चार दिवस जा, तिथले छोटे कार्यक्रम कसे वेळेवर सुरू होतात, साउंडचेक कसा करतात, तिकीट कसं लावतात ते बघून ये. नोकरी सोडू नको, सूतगिरणीचा पगार तुझ्या गाण्याला मोकळं ठेवतो, पैशासाठी कुणाचंही ऐकावं लागत नाही. घरच्यांना पुढच्या भरीत पार्टीला मागे उभं न ठेवता पुढे बसव, बोलून त्यांना पटणार नाही, लोक शांत बसून ऐकतात हे दिसलं की पटेल.

प्रश्न : आम्ही पारोळा तालुक्यातल्या आठ बायका कानबाईची, गुलाबाईची, आखाजीला गौराईची गाणी म्हणतो. माझ्या सासूबाईंना दीडशेच्या वर गाणी पाठ आहेत. गेल्या श्रावणात कानबाईच्या उत्सवात, रोटाच्या रात्री कुणीतरी आमचं गाणं मोबाईलवर घेतलं, आणि नंतर एका चॅनलवर त्यावर डीजेचा ठेका टाकून आलं, लाखांनी लोकांनी बघितलं, आमचं नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणे पारंपरिक गाणी कुणाच्या मालकीची नसतात. सासूबाई तेव्हापासून कुणासमोर म्हणतच नाहीत. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला राग आला, आणि त्यातलं शेवटचं वाक्य वाचून जास्त वाईट वाटलं.

तो माणूस अर्धंच खरं बोलला. पिढ्यान् पिढ्या चालत आलेले शब्द आणि चाल कुणा एकाच्या मालकीचे नाहीत, उद्या तुम्हीही ते कुठेही म्हणू शकता. पण त्या रात्रीचे आवाज तुमचे होते. आपल्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याचा, वाजवणाऱ्याचा वेगळा हक्क आहे, कलाकाराचा हक्क म्हणतात, तो 50 वर्षं टिकतो, आणि तुमच्या परवानगीशिवाय तुमचं गाणं ध्वनिमुद्रित करून असं लोकांपुढे ठेवता येत नाही. नाव लावून घेण्याचा हक्कही त्यातच येतो. आधी त्या चॅनलला साधा, सभ्य मेसेज करा की हे आवाज आमचे आहेत, आठही जणींची नावं आणि गाव लिहा नाहीतर काढून टाका. लिंक, तारीख, स्क्रीनशॉट जपून ठेवा. आठवड्यात काही झालं नाही तर यूट्यूबचा कॉपीराइटचा फॉर्म भरता येतो, तो खऱ्या नावाने भरावा लागतो आणि समोरचा त्यावर उत्तर देऊ शकतो, म्हणून त्यात जे खरं तेवढंच लिहा, घरातल्या शिकलेल्या कुणाला शेजारी बसवून भरा.

पण भांडणापेक्षा मोठं काम दुसरं आहे. दीडशे गाणी एका माणसात आहेत. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि जात्यावर ओव्या म्हणायच्या, मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी त्या उतरवून ठेवल्या म्हणून 1951 मध्ये त्या गेल्या तरी 1952 मध्ये पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ती उतरवलेली वही नसती तर आपल्याला काहीच माहीत नसतं. तुमच्या सासूबाईंची वही तुम्हीच करा. एक गाणं, त्याखाली कुणाकडून शिकल्या, कोणत्या गावचं, कधी म्हणतात.

रेकॉर्डिंगला स्टुडिओ लागत नाही. दुपारची शांत वेळ, पंखा बंद, फोन फ्लाइट मोडवर, भिंतींवर दोन-तीन गोधड्या टांगा म्हणजे आवाज घुमत नाही, बायका अर्ध्या गोलात बसा, फोन तीन-चार हात लांब स्टुलावर ठेवा, आणि सासूबाईंना सगळ्यात जवळ बसवा कारण म्हाताऱ्या माणसाचा आवाज बारीक झालेला असतो. प्रत्येक गाण्याआधी नावं आणि गाव बोलायचं, ते कापायचं नाही. ठेका लावू नका, त्या गाण्यांना टाळीचा ठेका पुरतो.

आणि एक, सगळं नेटवर टाकायलाच पाहिजे असं नाही. कानबाईच्या स्थापनेची काही गाणी सासूबाईंना वाटत असेल की ती नागपंचमीनंतरच्या त्या रविवारच्या रात्रीच आणि त्या घरातच म्हणायची, तर ती रेकॉर्ड करून घरात ठेवा, बाहेर काढू नका. कोणती बाहेर द्यायची हे त्या ठरवतील, चॅनलवाला नाही आणि मीही नाही. जळगाव आकाशवाणीकडे लोकसंगीताच्या ऑडिशनची चौकशी जरूर करा. रेडिओवर गटाचं नाव पुकारलं जातं, आणि मला वाटतं सासूबाईंना ते ऐकायला मिळालं पाहिजे.

प्रश्न : मी चाळीसगावचा, गीतं लिहितो, माझा मित्र चाल लावतो. एक म्युझिक चॅनल एका गाण्याचे 12 हजार देतंय, कागदावर लिहिलंय "सर्व हक्क कायमस्वरूपी". सही करावी का?

उत्तर : आज करू नका. 12 हजार कमी आहेत म्हणून नाही, गरज असेल तर 12 हजारही चांगले, पण "सर्व" आणि "कायमस्वरूपी" हे दोन शब्द महाग पडतात.

2012 ला कॉपीराइट कायदा बदलला, त्यानंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क असा सहीने देऊन टाकता येत नाही, तो फक्त वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. म्हणजे कागदावर काहीही लिहिलं तरी तेवढा वाटा तुमचाच राहतो. पण तो मागायला माहीत तर हवा. हक्क देताना किती वर्षांसाठी, कोणत्या भागासाठी, किती रॉयल्टी हे लिहिलेलं असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो आणि भाग लिहिला नसेल तर भारत. तुम्ही त्यांना म्हणा, 5 वर्षं लिहा, आमची नावं व्हिडिओत आणि खाली दोन्हीकडे लिहा, आणि आम्ही स्वतः स्टेजवर हे गाणं म्हणू शकतो हेही लिहा. ही तिसरी गोष्ट पोरं विसरतात आणि मग आपलंच गाणं आपल्याच यात्रेत म्हणायला घाबरतात. माझ्या ओळखीतल्या एका गायकाचं असंच झालं, सहा वर्षं त्याने स्वतःचं गाणं जाहीर म्हटलं नाही.

तुम्ही दोघांनी आपसातही कागद करा, शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाटा किती, तारीख, दोन सह्या. मैत्री आहे तेव्हाच करायचा असतो हा कागद. कॉपीराइट नोंदवणं सक्तीचं नाही, गाणं तयार झालं की हक्क आपोआप येतो, पण गीताची किंवा चालीची नोंद प्रत्येकी 500 रुपयांत होते (ध्वनिमुद्रणाची 2000), जमलं तर करून टाका. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस ही सोसायटी 1969 पासून आहे, तिचं सभासदत्व बघा, तुमची गाणी जिथे जिथे वाजतात तिथला वाटा गोळा करायचं काम तीच करते.

प्रश्न : आम्ही जळगावच्या इंजिनिअरिंगचे चौघं, स्वतःची गाणी वाजवतो. कॅफेवाले म्हणतात जुनी हिंदी गाणी म्हणा नाहीतर नको, आणि ड्रम्स लावले की शेजारी पोलिसांना फोन करतात. जळगावात सीनच नाही का?

उत्तर : जळगाव ऐकणारं गाव आहे. इथे बालगंधर्वांच्या नावाने नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाने दरवर्षी संगीत महोत्सव होतो आणि लोक तासन् तास बसून ऐकतात. बसून ऐकायची सवय गावाला आहे, तुम्हाला ऐकायची सवय लावायचीय.

कॅफेवाल्याला सांगा की मंगळवारी द्या, तो दिवस त्याचा रिकामाच जातो. ड्रम्स घरी, कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) किंवा ढोलक घ्या. 45 मिनिटं, त्यात दोन ओळखीची गाणी आणि बाकी आपली, ओळखीचं पहिलं आणि मधलं. रात्री 10 नंतर उघड्यावर एरवी लाउडस्पीकर लावता येत नाही, 2000 च्या नियमांतच आहे ते, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, म्हणजे साध्या बोलण्याएवढीच, त्यामुळे शेजारी फोन करतात तेव्हा ते चुकीचे नसतात. साडेसातला सुरू करा, नऊला संपवा. शेजाऱ्यांना पहिल्या रांगेत बोलवा.

आणि तारीख ठरवून टाका, महिन्याचा दुसरा मंगळवार म्हणजे दुसरा मंगळवार, पाच माणसं आली तरी. सीन सीन जे म्हणतात ते यातूनच होतं, लोकांना न विचारता माहीत असतं की आज आहे. गाणाऱ्यांइतकीच न गाणारी माणसं त्यात लागतात, जो खुर्च्या लावतो, जो पोस्टर करतो, जो साउंडवाला आपल्या भाच्याला तारा गुंडाळायला शिकवतो. चोपड्याचा, भुसावळचा दुसरा बँड बोलवा, त्यांना तुमच्या घरी झोपायला जागा द्या, पुढच्या महिन्यात ते तुम्हाला देतील. एवढं झालं की तीन गावांचा फेरा तयार झाला.

तुमच्या पत्रात शेवटी लिहिलंय की सातपुड्यात जाऊन होळीत पावरी (आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) आणि ढोल शूट करून गाण्यात वापरायचंय. काठी गावची होळी बघायला जरूर जा, पण पहिल्या वर्षी कॅमेरा न काढता जा. पावरी वाजवणाऱ्याला गाण्यात घ्यायचं तर त्याला बोलवा, तुमच्याइतकेच पैसे द्या, त्याचं नाव तुमच्या नावाच्या ओळीत लिहा, आणि गाणं आधी त्याच्या गावात वाजवा. मागे नाचणारे आदिवासी आणि पुढे गिटारवाले असला व्हिडिओ करायचा असेल तर माझा सल्ला घेऊ नका.

प्रश्न : मी धुळे जिल्ह्यातला बँडवाला, वय 58. चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवतोय. आमच्या बँडमध्ये अठरा माणसं होती, आता सहा राहिली, लग्नात सगळे डीजेच सांगतात. तुम्ही नव्या पोरांचं लिहिता. आमच्यासारख्यांचं काय, भाऊ?

उत्तर : मास्तर, तुमचं पत्र शेवटी ठेवलंय ते महत्त्व कमी म्हणून नाही, याचं उत्तर मला सगळ्यात अवघड गेलं.

तुमची बारा माणसं परत येतील असं मी म्हणणार नाही, लग्नाची ती कामं परत येणार नाहीत. पण एक बघा, या अंकात ज्या पोरांनी पत्रं लिहिली त्यातल्या एकाही गाण्यात फुंकायचं वाद्य नाही. सगळ्यांकडे गिटार आहे, कीबोर्डमधली खोटी बासरी आहे. खान्देशातल्या माणसाच्या कानात लग्न, वरात, गावची यात्रा म्हणजे क्लॅरिनेटच आहे, लहानपणी खांद्यावर बसून ऐकलेलं, आणि ते वाजवणारी माणसं आता आपल्या तीन जिल्ह्यांत मोजकी राहिलीत. पोरांना स्वर लिहून देता येत नाही, तुम्हाला एकदा ऐकून वाजवता येतं. मे महिन्याच्या उन्हात वरातीसोबत चार तास चालत, क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती सुकू न देता वाजवणारा माणूस रेकॉर्डिंगच्या खोलीत काय करू शकतो हे मी स्वतः पाहिलंय, मी ज्या ऑर्केस्ट्रात होतो तिथले क्लॅरिनेटवाले असेच बँडमधून आले होते आणि आम्हा सगळ्यांना सुरात ठेवायचे.

दोन गोष्टी करा. तुम्हा सहा जणांचं बसून वाजवायचं अर्ध्या तासाचं बसवा, वरातीतलं नाही, मळ्यात नाहीतर देवळाच्या पारावर ऐकता येईल असं, जुन्या चाली सावकाश. आणि दोन पोरं शिकायला घ्या, फी घेऊन घ्या, फुकट शिकवलेलं पोरं सोडून जातात.

आणि तिसरी माझ्या कामाची आहे. शिरपूरच्या त्या मुलाचं विहिरीचं गाणं आहे ना, त्यात दुसऱ्या कडव्यानंतर आठ मात्रांची मोकळी जागा आहे, तिथे त्याने काहीच टाकलेलं नाही, नुसती गिटार वाजत राहते. मी तिसऱ्यांदा ऐकलं ते त्या जागेसाठी. तुमची हरकत नसेल तर मासिकाकडे तसं कळवा, मी त्याला तुमच्याकडे पाठवतो. तो रविवारी सुट्टीवर असतो. त्याला मानधन आधीच सांगून ठेवा.